एण्णी आणि ऑईल

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी सोमलिंग बिराजदारच्या खात्यात सोळा हजार आठशे चाळीस रुपये पगार जमा झाला. तो मेसेज वाचून होतोय तोच एजन्सीचा दुसरा आला. गुरुवारी सकाळी शस्त्र तपासणी. शेरा ‘ठीक’ असेल तरच पुढची ड्यूटी आणि रजा.

रजेच्या शब्दावर त्याची नजर अडकली. शनिवारी पुण्यात नातवाचं बारसं होतं. चंद्रिका, त्याची एकुलती एक लेक, महिनाभर फोनवर एकच विचारत होती, “आप्पा, दोघं मिळून येताय ना? का परत एकटी अव्वाच?”

आई-बाप दोघं मिळून, हीच तर अडचण होती. सोमलिंग एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाडीवर गनमॅन होता आणि बंदूक ज्याची त्याने आणायची, अशी एजन्सीची अट होती. त्याची रायफल वडिलांची. महादेवप्पांनी ती अक्कलकोटच्या पलीकडे उसात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी घेतलेली. ते गेले, तिघा भावांत जमीन वाटली गेली आणि धाकट्या सोमलिंगच्या वाट्याला थोडं रान आणि ही रायफल आली. परवाना नावावर झाला त्या दिवशी भावकीने पाठ थोपटली होती. पुढे रायफल होती म्हणून नोकरी लागली आणि नोकरी होती म्हणून रायफल सोडता येईना. विकावी तर पगार बंद. ठेवावी तर घरात एकटी टाकून कुठं जायची सोय नाही. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांत राहायला आल्यापासून तो आणि बायको गौरम्मा मुक्कामाला कुठंच बरोबर गेले नव्हते. एक जण लग्नाला, दुसरा रायफलीपाशी. पाहुण्यांत गौरम्माला विचारत, “मालक आजारी असतात का हो?”

या खेपेला मात्र वाट निघाली होती. शहरातला परवानाधारक बंदूकवाला चार दिवस रायफल ठेवून घ्यायला तयार झाला होता. त्याला एजन्सीचं रजेचं पत्र हवं होतं आणि पत्रासाठी ‘ठीक’ हा शेरा.

मंगळवारी सोमलिंगची सुट्टी. जेवण झाल्यावर त्याने काडतुसं कपाटात कुलूपबंद केली, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि बोल्ट ओढला. बोल्ट आला, पण गुळाच्या ढेपेतून सुरी ओढावी तसा. थंडीत जड येतो म्हणून त्याने काही आठवडे कानाडोळा केला होता. आता तर दुपारी पंखा लागत होता. त्याने रिकामाच चाप ओढला. एरवी खाडकन आदळणारी फायरिंग पिन नुसती ठप् करून थांबली. एवढ्या जोरावर काडतूस फुटलं नसतं.

बोल्ट खोलून पाहतो तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत पिवळा, मधासारखा चिकट थर. नाकाशी नेला. खवट वास.

“गौरा! हिकडं ये. दसऱ्याला ह्याला काय लावलतीस?”

गौरम्मा पदराला हात पुसत आली. “एण्णी लावलं की. तुमीच सांगितलं.”

“कुठलं एण्णी?”

“कुठलं म्हंजे? कुसबी एण्णी. घाण्यावरनं ताजं आणलंवतं. देवाच्या दिव्यात घालायच्या आधी ह्याला घातलं. दोन पळ्या. का? कमी पडलं?”

सोमलिंगने कपाळाला हात लावला. खंडेनवमीच्या दिवशी तो तापाने पडून होता. पूजेसाठी बोल्ट वेगळा काढून पाटावर ठेवला होता आणि पडल्या पडल्या कानडीत सांगितलं होतं, “एण्णी हच्चु.” तेल लाव. त्याच्या मनात होती खिडकीतली बारकी बाटली. पण त्या बाटलीतल्याला घरात सगळे ऑईल म्हणत. एण्णी म्हणजे चुलीपाशी असायचं ते, करडईचं. गौरम्माने हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि बोल्टच्या भोकात भक्तिभावाने करडईचं तेल सोडलं. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की हळूहळू सुकून घट्ट होतं, दाराला लावलेल्या रंगासारखं. दर रविवारी सोमलिंग रायफल वरून पुसायचा. दसऱ्याला तेल दिलंय म्हणून आत बघितलं नव्हतं.

“मला ऑईल म्हणायचंवतं.”

“मग ऑईल म्हणायचं की! तापात एण्णी, एण्णी करत हुता. मी काय तुमच्या डोक्यात शिरून बघू?”

“अगं, गुरुवारी तपासणी हाय. हे असं बघितलं तर ड्यूटी बंद, रजा बंद.”

बाळासाठी शिवलेली कुंची पिशवीत भरून कोपऱ्यात तयार होती. त्या पिशवीकडे दोघांनीही पाहिलं नाही.

त्याने रॉकेल लावून घासलं. थर नुसता मऊ झाला, सुटला नाही. पेट्रोलने थोडा सुटला, पण वेटोळ्यांत तसाच. मग गौरम्मा म्हणाली, “समईवर बसतं की असंच. सोड्याच्या पाण्यात उकळल्याबिगर न्हाई निघत.” तिने जुन्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून पाणी ठेवलं. स्प्रिंग आणि पिन त्यात खळखळू लागल्या, पाणी चहासारखं झालं. नंतर स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, पुन्हा गॅसच्या धगीवर लांबून शेक; पाण्याचा थेंब राहिला असता तर गंजाने खाल्लं असतं.

आता द्यायचं काय? खिडकीतल्या बाटलीतलं शिवणयंत्राचं तेल पाहिलं तर तेही बाजारातलं भेसळीचं, तळाला पिवळं. खोबरेल थंडीत थिजतं. मोटारसायकलीचं ऑईल जाड, गाडीतली धूळ त्यात बसली की लुकण होतं. ग्रीस स्प्रिंगला घातलं तर पिन पुन्हा दमाने जाणार. पातळ हवं, स्वच्छ हवं, न सुकणारं हवं. असं तेल सोलापुरात कुठं मिळतं हे त्याला ठाऊक होतं. रायफल गौरम्माच्या स्वाधीन करून तो स्कूटरवरून पूर्व भागात गेला. मल्लेशम तिथे यंत्रमाग दुरुस्त करायचा. त्याच्याकडे मागाचं स्पिंडल तेल डब्याने असे.

“काय अप्पा, रायफलीला मागाचं तेल?” मल्लेशम हसला. “उद्या गोळ्या सोडून चादरी विणायला लागंल ती.”

“विणू दे. तेवढीच थंडीची सोय.”

“पैसे ऱ्हाऊ दे. गाडीत एवढं घिऊन फिरताय, त्यातलं एक बंडल टाका हिकडं.”

“त्याला हात लावायचा न्हाई म्हणून तर बंदूक घिऊन बसवलंय मला.” सोमलिंगने त्याच्या खिशात तीस रुपये कोंबले.

घरी येऊन त्याने काडेपेटीच्या काडीवर तेल घेतलं. पिनला एक थेंब, स्प्रिंगला एक, आणि लगेच फडक्याने टिपून घेतलं. बोल्टच्या पुढच्या दोन कानांवर, जिथे लोखंडावर लोखंड दाबतं तिथे, तेवढं बोटाने ग्रीस चोळलं. काडतूस बसतं ती जागा कोरडी पुसली. तिथलं तेल काडतुसात शिरलं तर बार फुसका जातो. नळीत चिंधी ओढली, बोल्ट जोडून बसवला. चाप ओढला. खाडकन.

“मल्लय्या!” गौरम्माने देवाला हात जोडले आणि लेकीला फोन लावला. “दोघं येतोय, चंद्री. दोघं.”

गुरुवारी एजन्सीच्या आवारात दोनच गनमॅन होते, सोमलिंग आणि शरणबसव. ऑपरेशन मॅनेजर उदयसिंह पस्तिशीतला, गॉगल लावणारा. त्याने शरणबसवची बंदूक उघडली आणि हात झटकला. आत बोटभर ग्रीस, त्यात धुळीचा लगदा. बंदूक नीट मिटेनाच.

“हे काय, शरणबसव? बैलगाडीचा आख आहे का?”

“साहेब, तपासणी हाय म्हणून जास्तच दिलं जरा.”

मग सोमलिंगची रायफल. बोल्ट लोण्यातून जावा तसा गेला. उदयसिंहने तीनदा चाप ओढून बघितला. “वा काका! एक नंबर. ठीक काय, उत्तम लिहितो.”

“साहेब, ते रजेचं पत्र...”

उदयसिंहने शरणबसवच्या बंदुकीकडे पाहिलं. “रजा कुठली आता? ह्यांचं हत्यार आठ दिवस दुरुस्तीला. दोन्ही गाड्या तुम्हीच काढायच्या. तुमची रायफल बिघडलेली असती तर गोष्ट वेगळी, बाहेरून माणूस मागवला असता. एकाचं चालू आहे म्हटल्यावर वरचे मागवू देत नाहीत.”

“नातवाचं बारसं हाय, साहेब.”

“व्हिडिओ कॉल करा की काका.”

शरणबसव त्याच्याकडे बघत नव्हता. बाहेर पडताना एवढंच म्हणाला, “अण्णा, मीबी ग्रीस सोडून एण्णी घालायला पायजे हुतं.”

घरी गौरम्माने सगळं ऐकून घेतलं. चंद्रिकाला फोन तिने केला नाही, सोमलिंगलाही जमला नाही.

शुक्रवारी सकाळी गौरम्मा एकटीच निघाली. दारात रिक्षा उभी होती आणि तिच्यामागे सोमलिंगला न्यायला आलेली कॅशची गाडी. बाळाच्या पाकिटात त्याने पाचशेची नोट घातली. वर एक रुपया हवा होता. घरात, खिशात, गौरम्माच्या बटव्यात, कुठंच सुटं नव्हतं. गाडीचा ड्रायव्हर विरेश याने खिडकीतून एक नाणं पुढे केलं. “घ्या अण्णा, रिकामं पाकीट नको जायला.”

“रिकामं कुठंय? पाचशे हायती.”

“रुपयाबिगर रिकामंच की.”

रिक्षा वळली. सोमलिंग रायफल घेऊन गाडीच्या मागच्या कप्प्यात पेट्यांशेजारी बसला. तिथे मोबाईल न्यायची परवानगी नसते. तो विरेशकडे दिला. विरेशने दार लावलं आणि नियमाप्रमाणे बाहेरून कडी घातली.

आत सोमलिंगला आठवलं, विरेशचा एक रुपया अजून द्यायचा आहे.