बायजाबाईची दहा पावलं

लाखांदूरकडच्या चिखलात बायजाबाईने सत्तावन्न वर्षं धान रोवलं आणि एकदाही पडली नाही. पडली ती वरठीला, मुलाकडे चार दिवस राहायला आली तेव्हा, त्याने हौसेने बसवलेल्या चकचकीत टाईल्सवर. मोरीकडे जाताना एक पाऊल पुढे टाकलं आणि खुबा मोडला. त्या टाईल्स धम्मदीपने स्वतः नागपूरला जाऊन निवडल्या होत्या, त्यामुळे दवाखान्यात पहिले दोन दिवस तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

धम्मदीप तिचा एकुलता एक. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तो वरठीच्या स्टील कारखान्यात लागला आणि तिथेच त्याचा संसार थाटला गेला. आई गावीच राहिली. नवरा गेल्यावर दीड एकराची धानाची बांदी तिने एकटीने पिकवली, वर दुसऱ्यांच्या शेतात रोवणीला, धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं लावायलाही जायची. बायकांच्या टोळीत तीच म्होरकी. तिची ओळ पाहून बाकीच्या आपली ओळ धरायच्या. मुलाने "माय, आता बस कर" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "बसून का करू? बसलं का गुडघे दुखतेत." अशा बाईशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, खुब्यात रॉड बसला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी धम्मदीपला आणि त्याची बायको सरिताला समोर बसवून घेतलं. हाडाचं काम झालं, म्हणाले, पण लगेच घरी नेता येणार नाही, आणि पुढचं तुम्ही ठरवायचं आहे. वाटा दोन. नागपूरला एक सेवाकेंद्र आहे, तिथे चोवीस तास नर्स असतात. कूस बदलणं, अंघोळ, जेवण, सगळं पलंगावर. कितीही महिने ठेवा. दुसरी वाट शहापूरच्या बाजूच्या पुनर्वसन केंद्राची. तिथे चारच आठवडे ठेवतात, आणि त्या चार आठवड्यांत माणसाचा पिट्ट्या पाडतात. दोन्ही वेळ व्यायाम, पायऱ्या, संडासला आपलं आपण जाणं, आणि मग घरी.

"जखम चिघळली असती, नळी असती, रोज सलाईन लागलं असतं, तर मीच नागपूर म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आजींना तसं काही नाही. पण शहापूरवाले पेशंट घेताना पाहतात. वॉकर धरून दहा पावलं टाकता आली पाहिजेत. गुरुवारपर्यंत टाकली तर तिकडे, नाहीतर नागपूर."

सरिता लगेच म्हणाली, "शहापूरच बरं. जवळ पण आहे."

धम्मदीपच्या मनात मात्र नागपूर पक्कं झालं होतं. आई जन्मभर वाकून राबली, आता तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी वाकावं, एवढं साधं त्याचं गणित. तिला व्यायामाला जुंपायचं हे त्याला पापच वाटत होतं. पोरगा प्रेमाने आंधळा झाला की त्याला कोण सांगणार? त्याने आईला सगळं समजावलं, नर्स, पलंग, हातात ताट.

बायजाबाईने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तेथून वापस कधी आणसील?"

"पाहू ना माय. आधी आराम तर कर."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती रागावली नाही, आणि त्या दिवशी जेवलीही नाही.

व्यायामाला रेणू नावाची मुलगी यायची, फिजिओथेरपीचं शिकून नुकतीच लागलेली. तिने जीव तोडून प्रयत्न केले. बायजाबाई उभी राहायची, वॉकर घट्ट धरायची, आणि पाय पुढे उचलायचा म्हटलं की जमिनीला खिळायची. कपाळावर घाम यायचा. "आजी, एकच पाऊल, माझ्याकडे या." नाही म्हणजे नाही. मन पुढे व्हायचं, पाय हलायचा नाही. समोरची फरशीही तशीच चकचकीत होती. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी रेणूनेही हात टेकले.

गुरुवारी चार वाजता नागपूरची अँब्युलन्स येणार होती. धम्मदीप खाली कागदांवर सह्या करत होता. वर रेणूने शेवटचं म्हणून बायजाबाईला चाकाच्या खुर्चीतून उभं केलं आणि खुर्ची बाजूला सारली. पलंग पाठीशी होता, चार पावलं मागे. पाऊल काही पुढे पडेना.

"राहू दे पोरी," बायजाबाई म्हणाली. "थकली मी. पडतो जरासी."

आणि ती मागे गेली. वळली नाही, मागे पाहिलंही नाही. एक पाय मागे, मग दुसरा, मग वॉकर स्वतःकडे ओढला. चार पावलांत पलंगाची कड पिंढरीला लागली आणि ती बसली.

रेणू तोंड उघडं ठेवून पाहत राहिली. "आजी, आता काय केलं तुम्ही?"

"का केलं? मांगं आली."

"भीती नाही वाटली?"

"मांगं जायाले कायची भेव?" बायजाबाईला प्रश्नच कळला नाही. "सारी उमर मांगंच चालली ना मी. पऱ्हे रोवाचे, मांगं सरकाचं. पुढं पाय ठेवसीन तं रोवलेलं तुडवसीन."

रेणू गोंदियाच्या बाजारपेठेतली, तिने रोवणी बसमधूनच पाहिलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते तिला तेव्हा उमजलं. चार दिवस आपण या बाईला समोर बोलावत होतो, आणि तिची वाट पाठीकडे होती. दहा पावलं पुढेच टाकायची, असं शहापूरवाल्यांनी कुठे म्हटलं होतं? तिने बायजाबाईला पुन्हा उभं केलं, या वेळी दाराकडे पाठ करून, आणि कमरेचा पट्टा धरून बाजूने चालू लागली.

धम्मदीप कागद घेऊन जिना चढून आला, तेव्हा व्हरांड्यात त्याच्याकडे एक पाठ येत होती.

लहानपणी ही पाठ त्याने हजारदा पाहिली होती. बायका बांदीच्या पलीकडच्या टोकाला सुरुवात करायच्या आणि मागे सरकत सरकत तो बसलेल्या धुऱ्याकडे, बांधाकडे, यायच्या. दहा-बारा पाठींतली आईची कोणती, ते त्याला लांबूनच कळायचं. तिच्यामागे नुसता चिखल असे आणि तिच्यापुढे हिरवं होत जाई. ते पाहूनही आपण काही पाहिलं नाही, असं त्याला आज वाटलं. अडुसष्ट वर्षांची बाई, खुब्यात लोखंड, अंगावर दवाखान्याचा झगा, आणि पावलं अशी सरळ की फरशीच्या जोडावरून इंचभर हलत नव्हती. आपण हिला पलंगावर ठेवायला निघालो होतो, या विचाराने त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं. विहारात हात आपोआप जोडले जातात, तसे ते जोडले गेले. कागद काखेत चुरगळले.

"सात," रेणू मोजत होती. "आठ."

तिला धरायला तो पुढे झाला. रेणूने मानेनेच नको म्हटलं. नऊ झाले, दहा झाले, आणि बायजाबाईची पाठ त्याच्या छातीला टेकली.

"कोन हाय?"

"मी, माय."

"मंग बाजूले हो ना. काहून आडवा उभा हायेस?"

तो भिंतीला चिकटून उभा राहिला. ती त्याच्या अंगावरून पुढे, म्हणजे मागे, निघून गेली. अकरा, बारा. रेणूने मोजणं सोडून दिलं होतं, ती रडत होती.

धम्मदीप खाली उतरला. फाटकाशी अँब्युलन्स उभी होती. ड्रायव्हरने मागचं दार उघडून स्ट्रेचर अर्धं बाहेर ओढलं होतं.

"पेशंट कोठी आहे भाऊ?" त्याने विचारलं.

धम्मदीपने स्ट्रेचरला हात लावला, ते परत आत ढकललं, आणि मग म्हणाला, "चालून राहिली."