'नाही'च्या प्रशिक्षणाला हजेरी सक्तीची

टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या सगळ्या मराठी घरांमध्ये मी 'एचआरमध्ये' होते. ही माहिती मीच पसरवली होती. एचआर म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. लोक लगेच इचिकावाला घर घ्यावं की नाही, याकडे वळतात.

खरं काम असं होतं. घरापासून दीड तासावर एक अमेरिकन लष्करी तळ आहे. तिथे सैन्यातल्या ज्या कुणावर सहकाऱ्याकडूनच लैंगिक अत्याचार होतो, त्यांच्यासोबत राहायचं. बहुतेक मुली, पण मुलगेही यायचे. दवाखान्यात, वकिलाकडे, साहेबासमोर. बोलायचं त्यांनी. आपण शेजारच्या खुर्चीत बसायचं, कुठला कागद कशाचा ते सांगायचं, आणि बाकी गप्प राहायचं. वडील न्यू जर्सीला प्रोजेक्टवर असताना मी जन्मले म्हणून पासपोर्ट अमेरिकन, नवऱ्याची नोकरी टोकियोत म्हणून मुक्काम जपानात, आणि गप्प राहण्याचा अनुभव शाळेपासूनचा. आमच्या कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगला मला कायम कोरसच्या मागच्या रांगेत उभं करायचे आणि सांगायचे, "तू फक्त ओठ हलव."

तळावर तक्रारीचे दोन प्रकार होते. एक खुली: ती केली की चौकशी सुरू होते आणि वरिष्ठांना कळतं. वरिष्ठांना कळलं की संध्याकाळपर्यंत मेसमधल्या भांडी घासणाऱ्यालाही कळतं. दुसरी गुप्त: डॉक्टर मिळतो, समुपदेशक मिळतो, मी मिळते, पण युनिटमध्ये कुणालाही काही सांगितलं जात नाही. गुप्त तक्रार एकदा उघडी पडली की पुन्हा गुप्त करता येत नाही. तळाच्या फाटकाबाहेर जपानी लोक बाटली, तिचं झाकण आणि तिचं लेबल तीन वेगळ्या पिशव्यांत टाकतात. आत सगळं एकाच डब्यात जायचं. वेगळं ठेवायची सवय नसलेल्या लोकांमध्ये एक गोष्ट वेगळी ठेवणं, एवढीच माझी नोकरी होती.

ती मुलगी सुट्या भागांच्या गोदामात काम करायची. वय बाविशीच्या आसपास. थंडीत तिने गुप्त तक्रार केली होती. माझी खोली तळाच्या वाचनालयामागे होती, म्हणून दर मंगळवारी येताना ती हातात एक पुस्तक धरून यायची; कुणी पाहिलं तर वाचनालयात चाललीय असं वाटावं. दर वेळी तेच पुस्तक. मधमाश्या कशा पाळाव्यात याबद्दलचं.

एप्रिल हा तळावर जागृतीचा महिना असतो, म्हणजे मोरपिशी रंगाचा. मोरपिशी फिती, मोरपिशी टी-शर्ट, मोरपिशी क्रीमचे कपकेक. ते क्रीम खाल्लं की जीभ दिवसभर निळी राहते, त्यामुळे अत्याचाराच्या विरोधात कोण कोण आहे ते लगेच कळतं. एक दौड असते. ती ऐच्छिक असते आणि न येणाऱ्यांची यादी केली जाते. शेवटच्या शुक्रवारी थिएटरात सगळ्यांसाठी सक्तीचं प्रशिक्षण. विषय, संमती. पहिली स्लाइड, 'नाही म्हणजे नाही'.

या सगळ्याचा सूत्रधार एक सार्जंट होता. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट माणसाशी कसं वागायचं ते आम्हाला शिकवलं होतं. उत्साही माणसाबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं. त्या वर्षी त्याने ठरवलं की स्लाइडनी लोक झोपतात, तर छोटं नाटक बसवू. संहिता स्वतःच लिहिली. पात्रं चार: पीडिता, तिची मैत्रीण, साहेब आणि 'समाज', जो शेवटी स्टेजवर येऊन टाळ्या वाजवणार होता. अत्याचार करणारा नाटकात नव्हताच.

"त्या रोलला कुणी तयार होत नाही, मॅम," तो मला म्हणाला. "उगाच इमेज खराब होते."

त्या मंगळवारी मुलगी आली आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसली.

"मला पीडिता केलंय."

मला क्षणभर काही कळलंच नाही.

"नाटकात," ती म्हणाली.

"तू नाही म्हणालीस?"

"म्हणाले. दोनदा."

"मग?"

"सार्जंट म्हणाला, व्वा, स्टेजवर मला हाच सूर हवाय."

मग तिने खरा प्रश्न विचारला. "हजेरी सगळ्यांना सक्तीची आहे ना? म्हणजे तोही असणार?"

"हो."

तो कोण, हे मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तिने ठाम नकार दिला असता तर सार्जंटने "का?" विचारलं असतं, अगदी आपुलकीने, चार लोकांसमोर. तो एक प्रश्न पुरला असता. बाकीचा हिशेब बराकीने स्वतः केला असता. आणि मी जाऊन "तिला घेऊ नका" म्हटलं असतं तर त्याहून वाईट. या एका मुलीची मला एवढी काळजी का, हे एखाद्या ठोंब्यालाही कळलं असतं. मी माझ्या वरिष्ठ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपण मध्ये पडलो की तिच्याकडेच बोट जाणार," आणि कपकेकची ऑर्डर तपासत राहिल्या. त्यांचं बरोबरच होतं. त्यामुळे मला जास्त राग आला.

सुटका कशी करून घ्यायची, याचा अभ्यास करायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या इमारतीत एक काकू आहेत. नात्याने कुणाच्याच नाहीत, म्हणून सगळ्यांच्याच. दर वर्षी गुढीपाडव्याचं नाटक त्या बसवतात. पाडवा पंचांगात असतो तेव्हा नसतो, वॉर्डाचा हॉल मिळतो तेव्हा असतो. त्या वर्षी मेमध्ये होता. शनिवारी त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं.

"सुनेचं काम तूच करायचंस."

"नको ना काकू. मला नाही जमत."

"जमत नाही काय? सून आहेसच की तू. नुसती उभी राहा."

"खरंच नको. मी नाही म्हणतेय."

"बघा, लाजते कशी! अगं, अगदी असंच हवंय मला."

सार्जंट आणि काकू एकमेकांना कधी भेटले नाहीत, हे जपानच्या दृष्टीने बरंच झालं.

काकूंच्या नाटकातून आजवर तिघीच सुटल्या होत्या. एकीचा गुडघा, एकीच्या सासूबाईंचा व्हिसा, आणि एकीची जपानी भाषेची परीक्षा. यांतला गुडघा मी पुढच्या मंगळवारी मुलीला सुचवला. ती म्हणाली, बसूनच करायचं काम आहे. म्हणून घसा ठरवला. दुसऱ्या दिवशी ती खोकत सार्जंटकडे गेली. त्याने तिला कौतुकाने गरम पाणी दिलं आणि डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने लिहून दिलं, 'बोलण्यास तंदुरुस्त.' सैन्यात नकाराला चिठ्ठी लागते आणि होकाराला काहीच लागत नाही.

गुरुवारी मी सार्जंटच्या ऑफिसात गेले. गाडीत दीड तास वाक्य पाठ केलं होतं.

"सार्जंट, पीडितेची भूमिका मला हवी आहे."

त्याने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाशी बोलतेय की काय म्हणून. दोन वर्षांत एकाही मीटिंगमध्ये त्याने माझा आवाज ऐकला नव्हता.

"तुम्हाला, मॅम?"

"मला अभिनयाची फार आवड आहे," मी म्हणाले. "टोकियोत मी मराठी नाटकात काम करते. सुनेचं."

"पण मी युनिफॉर्ममधली मुलगी घेतलीय."

याचीही तयारी होती. "युनिफॉर्म दिसला की लोक युनिट ओळखतात. मग त्या युनिटचे लोक म्हणणार, आम्हालाच का दाखवलं?"

इमेजचा मुद्दा निघाल्यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. "मग ती मुलगी मैत्रीण होईल."

"लाइट कोण बघतंय?" मी विचारलं. "ते विश्वासाचं काम आहे. गोदामवाले नेमके असतात."

अशा रीतीने ती थिएटरच्या मागच्या काळोख्या काचेच्या खोलीत गेली, जिथून तिला सगळे दिसणार होते आणि ती कुणालाच दिसणार नव्हती. आणि मी स्टेजवर गेले.

तालमी दोन झाल्या. सार्जंट मला सांगायचा, "अजून थोडं तुटा, मॅम." संहितेत शेवटी पीडिता मान खाली घालून म्हणते, "कदाचित माझंही चुकलं असेल," आणि साहेब तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "नाही. तू शूर आहेस." मी त्याला सांगितलं की ती ओळ काढू या.

"मग साहेब समजूत कशाची घालणार?" सार्जंट म्हणाला. साहेबाचं काम एक खराखुरा मेजर करणार होता आणि त्याला तेवढं एकच वाक्य होतं.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी थिएटर भरलं. दोन्ही देशांची राष्ट्रगीतं झाली, स्लाइड झाली, आणि मी खुर्चीत येऊन बसले. समोर रांगांमागून रांगा. त्यातला कुठलाही तो असू शकत होता. जो जांभई देत होता तो, जो बूट पाहत होता तो, पहिल्या रांगेत निळी जीभ काढून मित्राला दाखवत होता तो. ती दर मंगळवारी मेसमध्ये, दुकानात, बसच्या थांब्यावर यांच्यामधूनच चालत माझ्याकडे यायची. फरक एवढाच की तिला चेहरा माहीत होता. मी ओठ हलवले. नवल म्हणजे आवाजही आला.

मैत्रीण बोलली. मी बोलले. मेजरसाहेब आत आले आणि हात उचलून तयार उभे राहिले. मी मान खाली घातली. "कदाचित," मी म्हणाले, आणि अंधार झाला.

पूर्ण अंधार. विंगेतून सार्जंटचा आवाज आला, "लाइट! अरे, लाइट!" 'समाजा'ला वाटलं नाटक संपलं, तो बिचारा चाचपडत आत आला आणि टाळ्या वाजवू लागला. त्या ऐकून सगळं थिएटर टाळ्या वाजवू लागलं, कारण जेवणाची सुट्टी लवकर होत होती. दिवे लागले तेव्हा मेजरसाहेबांचा हात अजून हवेतच होता.

सार्जंट धावत काचेच्या खोलीकडे गेला. मीही त्याच्या मागे गेले.

"काय झालं?"

"सॉरी, सार्जंट. चुकून हात लागला."

त्याने तिला कुठलं बटण कशाचं ते पुन्हा समजावून सांगितलं. ती मन लावून ऐकत होती.

अशा कार्यक्रमानंतर अभिप्रायाचे कागद भरून घेतात. ते फाइलला लावायचं काम माझ्याकडे होतं. मंगळवारी ती आली तेव्हा गठ्ठा टेबलावरच होता. तिने वरचे काही उचलले. कपकेक सगळ्यांना आवडले होते. एकाने लिहिलं होतं, 'पीडिता पटली नाही. खरी पीडित बाई इतकी शांत नसते.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी सैन्यातलीच मुलगी घ्यावी म्हणजे खरं वाटेल.'

तो दुसरा कागद तिने दोनदा वाचला. मग तिला हसू फुटलं. एवढं, की तिला पुस्तक तोंडावर धरावं लागलं. पलीकडे वाचनालय होतं. "हा मी घेऊ?" तिने विचारलं. अभिप्राय बाहेर देता येत नाहीत, असा नियम आहे. मी खिडकीकडे पाहत राहिले आणि कागद मधमाश्यांमध्ये गेला.

सार्जंटने तळाच्या फेसबुक पानावर माझा फोटो टाकला होता. नवऱ्याने तो अभिमानाने इमारतीच्या ग्रुपवर पाठवला. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही, असं त्याचं म्हणणं. काकू त्याच संध्याकाळी दारात.

"अगं, तिकडे साहेबांपुढे नाटकं करतेस, आणि आमच्यापुढे तेवढी लाज वाटते होय?"

"तसं नाही, काकू."

"मग कसं? कशाबद्दल होतं नाटक?"

खरं कारण माझ्या तोंडाशी आलं होतं. एका वाक्यात काकू गप्प झाल्या असत्या. कदाचित त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं. आणि पुढच्या शनिवारी लिफ्टमध्ये कुणीतरी हळूच विचारलं असतं, कोण गं ती मुलगी?

"एचआरबद्दल," मी म्हणाले.

मेमध्ये मी सून झाले. नाटकाच्या शेवटी सून सासूच्या पाया पडून म्हणते, "आई, माझंच चुकलं." मी ते म्हटलं. लाइट काकूंच्या मिस्टरांकडे होते आणि दिवे ठरल्याप्रमाणे, माझं वाक्य पूर्ण झाल्यावरच गेले.

ऑगस्टमध्ये मुलीची नेहमीच्या क्रमाने दुसऱ्या देशात बदली झाली. निरोपाला गोदामातल्यांनी केक कापला. ती फार कामसू आणि थोडी अबोल आहे, एवढंच तिच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या मंगळवारी ती रिकाम्या हातांनी आली.

"पुस्तक?"

"परत केलं."

"आणि कागद?"

"तो आतच राहिला," ती म्हणाली. "राणी माशीच्या प्रकरणात."

त्यानंतर काही दिवसांनी मी वाचनालयात गेले. पुस्तक जागेवर नव्हतं. डेस्कवरच्या जपानी बाईंनी संगणकात पाहून सांगितलं की कुणीतरी नेलंय. कोणी नेलं ते सांगता येणार नाही, ती माहिती गोपनीय असते. मी त्यांना वाकून नमस्कार केला. तळावर त्या शब्दाचा अर्थ कळणारं आणखी कुणीतरी होतं.