जाड कापडाचा विंडसॉक

घाबरट माणसाजवळ किस्से फार जमतात बघा. शूर लोक "उडालो, उतरलो" म्हणतात आणि विषय संपवतात. मी सत्तरच्या सुमारास नागपूरला विमान शिकलो, आणि एकूण एक दिवस घाबरून शिकलो, त्यामुळे माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे.

आमचे इन्स्ट्रक्टर घाटे सर पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेत. वेग कमी होऊन विमान पडायला लागलं तर दांडा ओढायचा नाही, पुढे ढकलायचा. नाक खाली गेलं की वेग येतो, वेग आला की पंख पुन्हा उचलतात. मी हे झोपेतही बडबडायचो. एकदा वाडीच्या रस्त्यावर मागून ट्रक आला, सायकल डगमगली, आणि मी जीव खाऊन हँडल पुढे ढकललं! गोदामासमोरच्या पोत्यांत तोंड खुपसून पडलो. नाक मात्र बरोबर खाली गेलं होतं.

सर हवेत अचानक इंजिनाची ताकद काढून घ्यायचे आणि कुठे उतरशील म्हणून विचारायचे. शेत, मैदान, असं काही दाखवायचं असे. माझा दोस्त सुरेश, गांधीबागेतल्या कापडवाल्याचा मुलगा, त्यानं घामाघूम होऊन खाली पाहिलं.

"धंतोलीत, सर. दवाखाने जवळ पडतात."

रोज सकाळी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी तर नाही ना, हे बघायचं. पाण्यानं इंजिन बंद पडतं हे ऐकल्यापासून माझं एका बाटलीनं समाधान होईना. सर आले तेव्हा बादली भरत आली होती. "पाण्यानं नाही गा, आता पेट्रोल नाही म्हणून पडशीन," म्हणाले.

मग विंडसॉक फाटला. म्हणजे वारा कुठून येतो ते दाखवणारी, खांबावरची कापडी बाही. उतरायचं ते वाऱ्याकडे तोंड करून. वारा पाठीवर घेतला तर विमान लवकर थांबत नाही, आणि आमच्या कच्च्या धावपट्टीच्या टोकाला नाला होता. सुरेशनं दुकानातून चांगलं जाडजूड कापड आणून नवी बाही शिवून घेतली. ती सदा लोंबकळलेली. आम्ही खूश, रोज वारा पडलेला!

त्याच आठवड्यात सर मला एकटा जा म्हणाले आणि विमानातून उतरून चालू लागले. नेमके त्या दिवशी उमरेडहून बाबा आले होते. जन्म हातमागावर गेलेला माणूस, मुलाला उडताना पहिल्यांदाच बघणार. ते पट्टीच्या कुंपणापाशी उभे राहिले.

चक्कर मारून उतरायला आलो. बाही लोंबतच होती, पण जमीन भलतीच भराभर सरकत होती. आता मरतो, एवढंच डोक्यात. तेवढ्यात कुंपणाशी बाबा दिसले. दोन्ही हातांनी पंचा पसरून धरलेला, आणि तो मी चाललो त्याच दिशेला फडफडत होता. वारा पाठीवर होता! पूर्ण ताकद देऊन वर गेलो, वळसा घालून उलट बाजूनं उतरलो.

विमान थांबवून कुंपणाकडे धावलो. सर बाबांपुढे हात जोडून उभे होते. बाहीचं कापड जड आहे हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही, विणकरालाच दिसलं, तुम्ही वारा दाखवला म्हणून पोरगा वाचला, असं काहीबाही म्हणत होते.

बाबांचं लक्ष माझ्याकडेच होतं. पंचा अजून दोन्ही मुठींत.

"कायचा वारा?" ते म्हणाले. "पोरगं खाली येऊन राहिलं होतं. मी झेलाले उभा होतो."