तोफेला शाबासकी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तोफखान्यात हवालदार. एका तोफेचे प्रमुख. तोफेशेजारी उभी हयात गेल्यामुळे त्यांचे कान अधू झालेले आणि आवाज तोफेच्या वरताण. "चहा टाक" असं घरात म्हणाले की शेजारीण आधण ठेवायची. पलटणीत त्यांना 'कर्णा' म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण पाठीमागे म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नसे.

गोळा सुटला की तोफेच्या चाकावर थाप मारायची आणि 'शाबास' म्हणायचं, हा त्यांचा नेम. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताईला एकदाही शाबासकी मिळालेली नाही, हे मी मुद्दाम सांगते.

मग सैन्याने आधुनिक व्हायचं मनावर घेतलं. ओढून न्यायच्या जुन्या तोफा मोडीत निघणार आणि त्यांच्या जागी ट्रकवर बसवलेल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या तोफा येणार. जिथे आठ-नऊ माणसं राबत तिथे आता चार पुरे. चाचणीत टिकेल तो तोफेवर, बाकीच्यांची रवानगी भांडारात, बुटांचे जोड लावायला. भाऊजींची झोप उडाली. "मी बूट लावत बसू?" असं ते ताईला विचारत आणि सगळी वसाहत हळहळे.

कॉम्प्युटर त्यांनी झटक्यात शिकून घेतला. हेडफोनमुळे ऐकायची पंचाईतही मिटली. घोडं अडलं ते घशापाशी. नव्या तोफेत सगळे केबिनमध्ये हेडफोन लावून बसतात. भाऊजींनी पहिलाच हुकूम दिला आणि तिघांनी एकदम हेडफोन उपटून फेकले. ड्रायव्हर दिवसभर कान चोळत होता. साहेबांनी बजावलं, "हळू बोलायला शिका, नाहीतर भांडार आहेच."

ताईने कंबर कसली. मोठ्याने मागितलेली कुठलीही वस्तू द्यायची नाही, असा तिने कायदाच केला. पहिल्या दिवशी भाऊजी टॉवेलसाठी न्हाणीघरात कुडकुडत उभे होते आणि ही बाहेर निवांत भांडी लावत होती. हळूहळू त्यांची पट्टी उतरली. मग शेजारीण काळजीने येऊन विचारून गेली, "तुमच्या यांची तब्येत बरी आहे ना?"

चाचणी आली. भाऊजींनी हुकूम दिले ते अगदी मऊसूत. गोळा थेट निशाणावर. आता नव्या तोफेची रीत अशी, की गोळा सुटला की तिथून धूम ठोकायची, कारण शत्रूला जागा कळलेली असते आणि तिकडून उत्तर येतं. भाऊजींना हे पाठ होतं. पण आनंदाच्या भरात त्यांनी हेडफोन काढला, खाली उतरून दार लावलं, चाकावर थाप मारली आणि 'शाबास' म्हणाले. दाराचा आवाज ऐकून ड्रायव्हरला वाटलं, भाऊजी परत चढले. तोफ निघून गेली.

माळावर भाऊजी एकटे. त्यांच्या जुन्या आवाजाला ट्रकच काय, आगगाडीही थांबली असती. पण ताईची शिकवण अंगात भिनलेली. ते हळूच म्हणाले, "अहो, थांबा जरा." मग धावत सुटले. साहेबांनी दुर्बिणीतून ही शर्यत पाहिली आणि नियमाप्रमाणे त्यांना मेलेल्यांत धरलं.

घरी येऊन ताईला म्हणाले, "मी आज मेलो."

सगळं ऐकून ताई भडकली. "अहो, ओरडायचं नाही का?"

"तूच नको म्हणालीस."

ताई आधी पोट धरून हसली आणि मग तोंड फिरवून रडली. मलाही फार वाईट वाटलं. त्या माणसाला तोफेशिवाय दुसरं काही नकोच होतं.

भाऊजी आता भांडारात बूट लावतात. आवाज काही परत चढला नाही. ताई मुद्दाम जेवणात मीठ घालत नाही, नसती भांडणं उकरून काढते. ते मुकाट्याने जेवून उठतात. घर इतकं शांत झालंय की मला तिथे बसवत नाही. परवा न राहवून मीच म्हटलं, "भाऊजी, एकदा ओरडा बघू."

त्यांनी शांतपणे विचारलं, "कुणावर?"