शामकांतरावांची आगबंदी

शामकांतरावांनी उभा जन्म तेलवाहू जहाजांवर इंजिनिअरकी केली आणि उभा जन्म आगीशी वैर धरलं. बुडाखाली तेलाच्या टाक्या घेऊन झोपणाऱ्या माणसाला काडेपेटी दिसली तरी साप दिसल्यासारखं होतं. निवृत्त होऊन ते परदेशातच, जुरोंग ईस्टच्या एका उंच कॉन्डो-इमारतीत स्थिरावले, पण सवय गेली नाही. कुमुदकाकू गॅस पेटवायच्या तेव्हा ते हळूच स्वयंपाकघराबाहेर सटकायचे. "लग्नात होमाभोवतीही असेच लांबून फिरलात," काकू म्हणायच्या. "भटजींना वाटलं, नवरा पळतोय."

नेमका दिवाळीच्या आठवड्यात कॉन्डोचा आग विझवायचा पंप दुरुस्तीला गेला. 'कृपया काळजी घ्या' अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये लावावी, एवढंच कमिटीचं म्हणणं होतं. शामकांतराव उठून उभे राहिले. जहाजावर पंप बंद म्हणजे ठिणगी बंद, मग इथं काय वेगळं? त्यांनी सगळ्यांना असं काही घाबरवलं की पंप परत येईपर्यंत इमारतीत संपूर्ण आगबंदी मंजूर झाली. गॅस, पणती, उदबत्ती, कापूर, बार्बेक्यू, बाल्कनीतली सिगारेट, सगळं निषिद्ध. इंडक्शन, राइस कुकर आणि विजेच्या माळांना तेवढी मुभा.

इमारतीतल्या निम्म्या भारतीयांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. उरलेले टोमणे मारायला बोलत.

"काका, फटाक्याचा आवाज तोंडानं काढला तर चालेल ना?" चौथ्या मजल्यावरच्या दिलीपनं लिफ्टमध्ये विचारलं.

"चालेल. पण लिफ्टच्या बाहेर," शामकांतराव गंभीरपणे म्हणाले.

इंडक्शनवर काकूंच्या चकल्या मऊ पडल्या. त्याचंही खापर बंदीवर फुटलं.

हे सगळं त्यांनी निमूट सोसलं असतं, पण भाऊबीजेला साताऱ्याहून संजीवनीताई आली. थोरली बहीण. शामकांत बोटीवर लागल्यापासून दर दिवाळीत कुठल्या ना कुठल्या समुद्रात असायचा आणि भाऊ समोर नसलेल्या बहिणी करतात तसं ताई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. यंदा गुडघ्यांची कुरकुर न ऐकता ती विमानात बसली होती. पातळाच्या घडीत चांदीचं निरांजन होतं. डबीत तुपात भिजवलेल्या फुलवाती होत्या. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं.

काकूंनी चाचरत बंदीची हकिगत सांगितली आणि बॅटरीची पणती पुढे केली. "वाऱ्यानंही विझत नाही, ताई."

ताईनं पणती उलटी करून पाहिली. "शाम्या, एवढ्या लांब येऊन मी सेलवर भाऊ ओवाळू?"

"दार लावून घेऊ," काकू कुजबुजल्या. "कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," शामकांतराव म्हणाले.

ताई सोफ्यावर बसली. "इतकी वर्षं चंद्राला ओवाळलं. त्यानं एकदाही नियम सांगितला नाही."

काकूंनी कुणा ओळखीच्यांचं घर सुचवलं. "भाऊ काय उसना आणलाय, दुसऱ्याच्या घरी ओवाळायला?" ताई म्हणाली. लिटिल इंडियातल्या देवळात दिव्यापेक्षा रांग मोठी असणार. बागेत आग पेटवायला बंदी. बसस्टॉपवर तर सिगारेटलाही बंदी. सिगारेट म्हटल्यावर मात्र शामकांतराव थबकले. मग आत गेले आणि झब्बा घालून, हातात पाण्याची बादली घेऊन बाहेर आले.

"चला."

मॉलच्या मागे जमिनीवर पिवळ्या रेषांचा एक चौकोन आखला होता. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी सरकारनं नेमून दिलेली जागा. मधे थोटकांचं पिंप, भोवती ऑफिस सुटलेली चार माणसं आणि त्यांच्या डोक्यावर धुराचं छप्पर.

"इथं पेटवायला परवानगी आहे," शामकांतराव म्हणाले. "काय पेटवायचं, ते कुणी ठरवून दिलेलं नाही."

"तुझ्यापेक्षा चंद्र बरा होता," ताई म्हणाली. पण तिनं पदर खोचला.

काकूंनी घडीचं स्टूल मांडलं. शामकांतराव बादली त्यांच्या हाती देऊन टोपी घालून बसले. आणि मग कळलं की काडेपेटी नाही. घरातल्या सगळ्या त्यांनी स्वतःच जप्त करून ठेवल्या होत्या. गंजीफ्रॉकातल्या एका चिनी म्हाताऱ्यानं लायटर पुढे केला.

"बर्थडे आह, अंकल?"

"नो, नो. माय सिस्टर... प्रेइंग फॉर मी."

"सो नाइस लाह. माय सिस्टर ओन्ली स्कोल्ड."

ताईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, मग निरांजन उचललं. तेवढ्यात शेजारून बस गेली. ज्योत आडवी झाली आणि शामकांतरावांचा तळवा आपोआप तिच्या आड गेला.

"हात काढ."

"विझेल."

"विझली तर पुन्हा लावू. काढ हात. मला तुझं तोंड दिसत नाहीये."

त्यांनी हात मांडीवर घेतला. ज्योत डळमळली, सावरली आणि त्यांच्या नाकासमोरून सावकाश फिरू लागली. म्हाताऱ्यानं आपली सिगारेट पाठीमागे धरली. ताईनं एकदा ओवाळलं, दोनदा ओवाळलं आणि मग मोजायचं सोडून ती ओवाळतच राहिली. शेवटी कुमुदकाकूंनी बादली खाली ठेवली.

"ताई, पुरे आता. मिशा जळतील त्यांच्या."

"जळू देत," शामकांतराव म्हणाले.