उजव्या काखेतल्या गाठी

अर्ध्या चादरी दोरीवर गेल्या होत्या आणि अर्ध्या पिळून बादलीत पडल्या होत्या, तेवढ्यात फोन आला. मॅमोग्राफीत स्तन स्वच्छ दिसतात, पण उजव्या काखेतल्या गाठी मोठ्या आहेत, उद्या सोनोग्राफीला या. मावशींनी ‘बरं’ म्हटलं आणि ओल्या हातांनीच खुर्चीत बसकण मारली. रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

‘काय झालं, वहिनी?’ नणंदेने विचारलं.

‘काखेत गाठी निघाल्यात.’

‘मग आत्ताच यमदूत दारात आल्यासारख्या काय बसलात? पाय उचला, फरशी पुसायचीय.’

बोलली खरी, पण फडकं तिथंच टाकून ती देवापुढे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काखेवर यंत्र फिरवत विचारलं, ‘एवढ्यात लस घेतलीत? ताप? हाताला जखम?’

‘नाही.’

‘अहो, ते बोट दाखवा की!’ नणंद म्हणाली.

‘त्यात काय दाखवायचं? काटा मोडलाय.’

रोपवाटिकेत काट्याला कुणी जखम म्हणत नाही. हातमोजे घातले की कलमाची पट्टी सैल बसते आणि खाचेत बसवलेला कोंबाचा डोळा निसटतो, म्हणून सगळ्याजणी उघड्या हातांनी बांधतात. काटा लागला म्हणून जी ओरडेल तिची दिवसभर टिंगल. मावशींच्या उजव्या हाताचं बोट कित्येक दिवस टम्म फुगलेलं होतं, आणि त्यावर त्यांनी कलमाचीच पट्टी गुंडाळली होती.

डॉक्टरीणबाईंनी ती सोडवली. आत पू होता.

‘काखेतल्या गाठी पहारेकऱ्यासारख्या असतात. हातातून जंतू आले तरी फुगतात, छातीतून काही वाईट आलं तरी फुगतात. कुणासाठी फुगल्यात ते नुसतं बघून सांगता येत नाही.’

‘काट्याचंच असेल ना?’

‘असेल. पण “असेल”वर मी तुम्हाला सोडणार नाही. काटा काढू, औषध घ्या, काही आठवड्यांनी परत या. गाठी बसल्या नाहीत तर सुईने तुकडा काढून तपासू.’

ते आठवडे मावशींनी कामात काढले. हात मात्र सारखा काखेत जायचा.

‘किल्ली ठेवलीय का तिथं?’ नणंद विचारायची.

‘डॉक्टरांनी चाचपू नका म्हटलंय, ठाऊक आहे.’

‘मग?’

‘हात ऐकत नाही.’

परत सोनोग्राफी झाली तेव्हा बोटाची जखम भरून आली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही काखा पाहिल्या, पुन्हा उजवी पाहिली आणि म्हणाल्या, ‘बसल्या गाठी. सुई नको. नेहमीची तपासणी चुकवू नका, आणि पुढच्या वेळी विचारलं की काटासुद्धा सांगा.’

नणंदेने तिथल्या तिथे हात जोडले. ‘चला, देवाने ऐकलं.’

‘ऐकलं. तुझी तपासणी कधी झाली?’

‘मला काय धाड भरलीय?’

‘मलाही काही होत नव्हतं,’ मावशी म्हणाल्या, आणि नणंदेचं नाव नोंदवायला खिडकीकडे गेल्या.