साठ मोजेपर्यंत पानं खाली

खुर्चीत बसून बसून मानसाचं बूड झिजतं, पन किस्से वाढत जात्यात. एक सांगाया घ्यावा, तर दुसरा मागून दांडगाई करीत येतो!

आमी तिघं. मी, राशिदभाई टेलर आन बाळूनाना. तिघांचीबी कमरंखाली जान गेलेली, तिघंबी व्हीलचेअरवर. रोज दुपारी पाथर्डी रोडला गिरणीम्होरं लिंबाखाली उलटं पिंप मांडून पाच-तीन-दोन खेळतो. ह्यो डाव तिघांचाच. एक न्हाई आला की बाकीचे दोघं नुस्ते जांभया देत्यात.

*

दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेलं, "दर पाव तासानं हातावर जोर देऊन अंग उचलायचं. साठ मोजायचे. बुडाला रक्त मिळालं पाहिजे."

राशिदभाईनं मोबाईलवर अलार्म लावला. नानाचे खांदे गेलेले, म्हून त्याला सिस्टरनं सांगितलेलं, "तुम्ही नुसतं पुढं वाका."

झालं! अलार्म वाजला की आमी पानं पिंपावर पालथी ठिवून वर, आन नानाचं नाक माझ्या पानांवर! बोटानं हळूच कोपरा उचलनार.

"काय करतुयस रं नाना?"

"सिस्टरनं वाकाया सांगितलंय!"

माझं डोकं फिरलं. पानं खाली ठिवायचीच न्हाईत! आठवडाभर अलार्म बोंबलला तरी मी जागचा हाललो न्हाई. जिंकलो मात्र लई!

*

एक दिवस अंग पुसताना बायको, शेवंता, म्हनली, "अवो, हितं लाल झालंय. दाबलं तरी लाली जाईना."

"मला काय दुखत न्हाई!"

"तुमाला तिथं कवा दुखतंय?"

लई राग आला. दुपारी लिंबाखाली गेल्यावर नानाला सांगितलं.

*

नाना मूळचा ड्रायव्हर. त्यानं स्कूटरची ट्यूब हवा भरून आनली. "ह्याच्यावर बस. मधलं मोकळं ऱ्हातं."

चार दिवस राजावानी बसलो. पाचव्या दिवशी कातडं फुटलं.

सिस्टर घरी येऊन कडाडली, "ट्यूब चारी बाजूंनी दाबते, मधलं रक्तच बंद होतं! आता पालथं झोपायचं, बसणं बंद. जखम हाडापर्यंत गेली तर ऑपरेशन! ट्यूब कुणी दिली?"

मला बघाया आलेला नाना म्हनला, "दुकानदारानं!"

*

दीड म्हैना पालथा हुतो. शेवंता पट्टी बदलायची, रोज दोन अंडी चारायची. बाजेखाली मुंडी लोंबकळत असल्यामुळं मानसं चपलांवरून वळखाया शिकलो.

एकदा चुलतभाऊ भेटाया आला. मी खालूनच वरडलो, "भाड्या, ही माझी चप्पल हाय!"

"व्हय. पन तुला काय करायची?"

आन मलाच पयलं हसू फुटलं.

*

जखम भरली. सिस्टर म्हनली, "बसा, पण अलार्म चुकला तर परत पालथे!"

त्याच दुपारी लिंबाखाली गेलो. शेवंता दळनाच्या निमतानं गिरणीच्या दारात पाळतीवर. आन पानं काय आली! हुकमाचा एक्का, राजा, राणी, सगळं माझ्याकडं. असली पानं जन्मात आली न्हवती.

अलार्म वाजला.

राशिदभाई वर झाला. शेवंता बघतीय. नाना बघतोय. मी पानांकडं बघितलं, शेवंताकडं बघितलं, आन पानं पालथी टाकून अंग उचललं.

नाना वाकला. डोक्यावरची टोपी काढली आन माझ्या पानांवर झाकली.

"मोज आता. नीट साठ मोज."

साठ मोजले. टेकलो. टोपी उचलली. दहाच्या दहा पानं जागच्या जागी!

राशिदभाईनं इचारलं, "नाना, पर तुमची पानं कुठंयत?"

नानानं सदऱ्यात हात घातला. "हितं. ह्याचा काय भरवसा?"